तोंड वाकडं, जीभ जड: छोट्या स्ट्रोकची मेंदूतली जागा कशी ओळखतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांना सकाळी चूळ भरताना तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून पाणी सांडायला लागलं, बोलणं जड झालं आणि उजव्या हातानं शर्टाची बटणं लागेनात. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी पाच-सात मिनिटं तपासलं आणि एमआरआय व्हायच्या आधीच सांगितलं, "डाव्या बाजूला, आत खोलवर, छोटा स्ट्रोक असणार." चित्रात तसंच निघालं. नुसत्या चेहऱ्यावरून आणि बोलण्यावरून जागा कशी कळते, आणि ती कळून उपयोग काय, असं मुलानं विचारलं आहे.

आधी एक कबुली देतो. तुमच्या डॉक्टरांच्या जागी मी असतो तर एक नाही, दोन जागा सांगितल्या असत्या. एक डाव्या मेंदूत खोलवर, जिथे चित्रात डाग दिसला ती. दुसरी मेंदूच्या देठात, पॉन्स नावाच्या भागात, तीही डावीकडेच. तोंडाचा कोपरा, जड बोलणं आणि बेंगरूळ झालेला हात हे त्रिकूट दोन्ही जागांवरून तंतोतंत सारखं येऊ शकतं. मेंदूविकारतज्ज्ञ मिलर फिशर यांनी १९६७ मध्ये याचं वर्णन केलं तेव्हा त्यांचं लक्ष पॉन्सकडे होतं. खोलवरच्या जागांवरूनही हेच घडतं हे पुढे लक्षात आलं. तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी नेम बरोबर मारला, पण त्यात थोडा वाटा शक्यतेचाही होता. ते काही कमीपणाचं नाही. खाटेशेजारी उभं राहून मेंदूचा नव्वद टक्के भाग बाद करता आला आणि दोनच जागा उरल्या, तरी माझ्या मते काम चोख झालं.

आता हे बाद करणं कसं चालतं ते सांगतो.

चेहऱ्यापासून सुरुवात करू, कारण पहिली चूक तिथेच होते. घरचे लोक सांगतात, "तोंड डावीकडे गेलं." खरं तर अशा वेळी उजवी बाजू लुळी असते. निरोगी डावी बाजू ओढते आणि उजवीकडून तिला कोणी विरोध करत नाही, म्हणून तोंड चांगल्या बाजूला जातं. जिभेचं उलटं आहे. जिभेचे स्नायू तिला पुढे ढकलतात, त्यामुळे बाहेर काढलेली जीभ लुळ्या बाजूकडे वळते. ओठाचा कोपरा ओघळलेला असेल तर सरळ बाहेर आलेली जीभही वाकडी भासते, म्हणून जीभ बघताना ओठांचा भरवसा धरायचा नाही, नाकाच्या शेंड्याची रेघ धरायची. आणि हे सगळं करण्याआधी रुग्णाचा जुना फोटो मागायचा. जन्मापासून जरा तिरकं हसणारी माणसं काही थोडी नाहीत.

मग कपाळ. "भुवया वर करा" म्हटल्यावर दोन्हीकडे आठ्या पडल्या आणि तोंडाचा कोपरा मात्र एकीकडेच मागे राहिला, तर बिघाड चेहऱ्याच्या नसेच्या वर, म्हणजे मेंदूकडून येणाऱ्या तारांमध्ये आहे. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांकडून हुकूम येतात, त्यामुळे एक बाजू बंद पडली तरी दुसरी सांभाळून घेते. तोंडाच्या कोपऱ्याचा कारभार मात्र जवळजवळ पूर्णपणे विरुद्ध अर्धगोलाकडे असतो. याउलट कपाळाची एक बाजू इस्त्री केल्यासारखी गुळगुळीत, डोळा मिटत नाही आणि तोंडही त्याच बाजूनं लुळं असेल तर बिघाड नसेत किंवा नसेच्या मुळाशी आहे. बहुतेक वेळा तो बेल्स पाल्सी निघतो. त्यात कानामागे दुखतं, त्या कानाला आवाज मोठे वाटतात, जिभेची चव जाते आणि हे सगळं काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत वाढत जातं.

इथे थांबून एक इशारा देतो. "कपाळ लुळं म्हणजे स्ट्रोक नाही" हे वाक्य मी निवासी डॉक्टरांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की कान टवकारतात. चेहऱ्याच्या नसेचं मूळ पॉन्समध्ये आहे. नेमकं तिथेच रक्त अडलं तर चेहरा कपाळासकट लुळा पडतो आणि दिसतो हुबेहूब बेल्स पाल्सीसारखा. फरक सांगतात ते शेजारी. पॉन्समध्ये चेहऱ्याच्या नसेचे तंतू बाहेर पडण्याआधी एक वळसा घेतात, आणि त्या वळशाच्या आत डोळा बाहेरच्या बाजूला फिरवणाऱ्या नसेचं केंद्र बसलेलं आहे. म्हणून लुळ्या चेहऱ्याबरोबर त्याच बाजूला बघता येत नसेल, एकाचे दोन दिसत असतील, किंवा विरुद्ध बाजूच्या हातापायाची ताकद कमी झाली असेल, तर बेल्स पाल्सीचं निदान तिथल्या तिथे खोडायचं. चेहरा एका बाजूचा आणि हातपाय दुसऱ्या बाजूचे, ही आडवी जोडी दिसली की बोट थेट मेंदूच्या देठावर ठेवावं. अर्धगोलातल्या एका स्ट्रोकनं अशी जोडी होत नाही.

या भागातल्या एका लक्षणसमूहाला डॉक्टर "साडेआठ" म्हणतात. डोळ्यांच्या आडव्या हालचालींचा एक प्रकारचा बिघाड "दीड" या नावानं ओळखला जातो: एका दिशेला दोन्ही डोळे जात नाहीत आणि दुसऱ्या दिशेला एकच जातो. त्यात चेहऱ्याची सातवी नस मिळवली की साडेआठ. नाव गमतीचं आहे, पण ही बेरीज जुळली की पॉन्सच्या मागच्या बाजूला जेमतेम काही मिलिमीटरच्या पट्ट्यावर नेम लागतो. इतकी बारीक जागा नुसत्या नजरेनं सापडण्याचे प्रसंग मेंदूविकारातही फार येत नाहीत.

वडिलांचं कपाळ शाबूत होतं आणि दुहेरी दिसत नव्हतं, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे नस वाचली, पॉन्सचा मागचा भाग वाचला. उरल्या त्या मेंदूच्या पृष्ठभागापासून पॉन्सच्या पुढच्या भागापर्यंत उतरणाऱ्या तारा.

चेहऱ्याची अजून एक परीक्षा आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. "दात दाखवा" म्हटल्यावर कोपरा मागे राहतो, पण नातवंड खोलीत शिरताच तोच चेहरा दोन्हीकडे सारखा फुलतो. मुद्दाम केलेलं हसू आणि आतून आलेलं हसू मेंदूतून वेगवेगळ्या वाटांनी येतं. हुकमाची वाट तुटली तरी भावनेची वाट चालू राहू शकते. कधी उलटंही दिसतं, दात दाखवताना चेहरा ठीक पण खरं हसताना एक बाजू थंड. तेव्हा थॅलॅमस (मेंदूच्या मध्यभागी खोलवरचा भाग), कपाळामागच्या भागाची आतली बाजू अशा जागांचा विचार करावा लागतो. त्यामुळे तपासताना मी एखादा साधा विनोद मुद्दाम करतो. विनोद पडला तर परीक्षाही पडते, हा त्यातला तोटा.

आता बोलणं. "बोलता येत नाही" या तीन शब्दांत किमान तीन वेगवेगळे आजार दडलेले असतात. त्यांची निवड आधी केली नाही तर पुढचा सगळा शोध भरकटतो.

भाषा गेली आहे, की उच्चार गेला आहे? यासाठी मी सगळ्यात आधी कागद आणि पेन देतो. उजवा हात चालत नसेल तर डाव्या हातानं, वेडंवाकडं का होईना, चालेल. जड जिभेचा माणूस तोंडानं बरळतो, पण कागदावर "मला पाणी हवंय" असं नीट लिहितो. ज्याची भाषाच गेली आहे तो कागदावरही तितकाच अडखळतो. नंतर मनगटावरचं घड्याळ दाखवून "हे काय" विचारतो, मग पट्टा, मग काटा. घड्याळ बहुतेकांना येतं, काट्याशी गाडी अडते. मग एक वाक्य माझ्यामागून म्हणायला सांगतो आणि शेवटी, मी हातवारे न करता, "डाव्या हातानं उजवा कान धरा" एवढंच म्हणतो. नाव सांगणं, मागून म्हणणं, समजणं आणि लिहिणं, या चारही गोष्टी ठीक असतील तर भाषेचा मुलूख वाचलाय.

हा मुलूख बहुतेकांच्या डाव्या अर्धगोलाच्या पृष्ठभागावर आहे. पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये असा रुग्ण मांडला ज्याच्या तोंडून "टॅन" या एका ध्वनीपलीकडे फारसं काही निघत नसे. मृत्यूनंतर डाव्या कपाळामागच्या भागात इजा सापडली. कार्ल वेर्निके यांनी १८७४ मध्ये उलटा प्रकार सांगितला: बोलणं धो धो वाहतं, पण शब्द चुकीचे आणि समोरच्याचं समजत नाही. ही इजा मागे, कानाच्या वरच्या बाजूच्या भागात असते. तिथला छोटा स्ट्रोक सगळ्यात जास्त फसवतो, कारण तोंड वाकडं होत नाही, हात पडत नाही आणि घरच्यांना वाटतं माणूस गोंधळलाय किंवा डोकं फिरलंय. असे रुग्ण उशिरा येतात आणि कधी कधी भलत्याच विभागात जातात.

वडिलांनी स्वतःचं नाव बरळत का होईना बरोबर सांगितलं, फॉर्मवर सही डाव्या हातानं केली, विचारलेलं सगळं समजलं. म्हणजे पृष्ठभाग बहुधा वाचला. तुमच्या डॉक्टरांनी "आत खोलवर" म्हटलं त्याचा अर्धा पाया हा होता.

भाषा आणि उच्चार यांच्या मधला एक प्रकार आहे. स्नायूंत ताकद आहे, शब्द मनात तयार आहे, पण तो तोंडातून काढायचा क्रम जुळत नाही. माणूस चाचपडत ओठ हलवतो आणि एकच शब्द तीनदा म्हणायला सांगितला तर तीन वेगळ्या चुका करतो. जड जिभेच्या माणसाची चूक दर वेळी एकाच जागी होते. सातत्य आहे की नाही, यावर लक्ष ठेवलं तर फरक चटकन कळतो. चाचपडणारा प्रकार डाव्या कपाळामागच्या भागाच्या खालच्या कडेला, चेहऱ्याच्या हालचालींच्या पट्ट्याजवळ बोट दाखवतो.

उरला नुसता उच्चार. इथे मराठी बोलणाऱ्या डॉक्टरला एक आयती सोय आहे, ती म्हणजे आपली वर्णमाला. तिच्या ओळी तोंडातल्या जागांनुसारच लावलेल्या आहेत. 'प, फ, ब, भ, म' ओठांचे. 'त, थ, द, ध, न' दातांना टेकणाऱ्या जिभेच्या शेंड्याचे. 'ट, ठ, ड, ढ, ण' मागे वळलेल्या जिभेचे. 'क, ख, ग, घ' जिभेच्या मागच्या भागाचे. रुग्णाला एकेक ओळ म्हणायला लावली की कुठला स्नायू मागे पडतोय ते ऐकूनच कळतं. 'प' फसफसला तर ओठ, 'ट' आणि 'ड' वितळले तर जीभ. "चटईला टाचणी टोचली" हे वाक्य तर जणू याच कामासाठी बनलंय. धडधाकट माणूसही त्यात अडखळतो, म्हणून ते आधी सोबतच्या नातेवाइकाकडून म्हणून घ्यायचं आणि मग तुलना करायची. कवळी काढून ठेवलेली नाही ना, हेही बघायचं. कवळीअभावी जीभ जड झाल्याचा शेरा मी एका केसपेपरवर स्वतः मारला आहे. परिचारिकेनं डबीतून कवळी आणून दिली तेव्हा उच्चार दोन मिनिटांत सुधारला.

वर्णमालेतला खरा कस प्रत्येक ओळीच्या शेवटच्या अक्षरात आहे. 'म, न, ण' म्हणताना हवा नाकातून जाते, बाकीच्यांत टाळू वर उचलून ती वाट बंद करतो. टाळू लुळा पडला तर 'बाबा' ऐकू येतं 'मामा'सारखं आणि सगळं बोलणंच गेंगाणं होतं. टाळू आणि स्वरयंत्र यांनाही, कपाळासारखे, दोन्ही अर्धगोलांकडून हुकूम मिळतात. म्हणून एका बाजूच्या साध्या, खोलवरच्या स्ट्रोकमध्ये बरळतात ते ओठ आणि जीभ. आवाज फारसा घोगरा होत नाही, बोलणं फारसं नाकात जात नाही. घोगरा आवाज, गेंगाणं बोलणं आणि पाणी पिताना जोराचा ठसका असं एकत्र आलं तर नजर खाली, मेंदूच्या देठाच्या तळाशी असलेल्या मेडुलाकडे वळवायची. तिथल्या बाजूच्या भागाचा स्ट्रोक अॅडॉल्फ वॉलेनबर्ग यांनी १८९५ मध्ये वर्णिला. त्यात चक्कर, उचकी, एका डोळ्याची पापणी किंचित खाली, आणि गरम-गार किंवा टोचणं न कळणं हे चेहऱ्याच्या एका बाजूला पण अंगाच्या दुसऱ्या बाजूला असतं. हातापायाची ताकद मात्र बहुधा शाबूत, त्यामुळे "पक्षाघात नाही" म्हणून अशा माणसाला चक्करच्या गोळ्या देऊन घरी पाठवल्याची उदाहरणं आहेत.

मेडुला ठीक असूनही गेंगाणं बोलणं आणि ठसका असेल, तर दुसरी शक्यता दोन्ही बाजूंच्या तारा तुटल्याची. आयुष्यात कधीतरी उजवीकडे न कळलेला छोटा स्ट्रोक होऊन गेलेला असतो. काल डावीकडे दुसरा झाला. प्रत्येक डाग चिमूटभर, पण आता दुसऱ्या बाजूची मदतही संपलेली असते, त्यामुळे बोलणं आणि गिळणं दोन्ही एकदम कोसळतं. अशा रुग्णांना कारण नसताना रडू किंवा हसू फुटतं आणि ते आवरत नाही. नातेवाइकांना वाटतं धक्का बसलाय. ती वाट तुटल्याची खूण असते.

लहान मेंदूच्या स्ट्रोकमधलं बोलणं वेगळंच, आणि ते शब्दांत सांगण्यापेक्षा ऐकून पटकन ओळखू येतं. यात अक्षरं वितळत नाहीत, ताल बिघडतो. "प-त-क, प-त-क" भराभर म्हणायला सांगा. तारा तुटलेला माणूस हळू म्हणेल, पण एका लयीत. लहान मेंदूचा माणूस कधी दोन अक्षरं जोडून, कधी मध्येच थांबून, कधी एकदम मोठ्यानं म्हणेल. जोडीला चालताना तोल जातो.

आता तुमच्या वडिलांच्या तारांकडे परत येऊ. मेंदूच्या पृष्ठभागावर हालचालींचा पट्टा उभा पसरलेला आहे: पाय सगळ्यात वर आणि आतल्या बाजूला, हात मध्ये, चेहरा-जीभ खाली कानशिलाच्या दिशेनं. चेहरा आणि हात यांनी तिथे अवाच्या सव्वा जागा व्यापली आहे. या पट्ट्यातून तारा उघड्या पंख्यासारख्या निघतात आणि खाली येता येता मिटत जातात. पंख्याची मूठ म्हणजे इंटर्नल कॅप्सूल, आणि त्याच्या वरचा मिटत चाललेला भाग म्हणजे तुमच्या अहवालात लिहिलेला कोरोना रेडिएटा. वरती पंखा उघडा असताना लहान स्ट्रोक एखाद-दुसरी काडी तोडतो: नुसता चेहरा, किंवा नुसती बोटं. मुठीत तेवढाच स्ट्रोक सगळ्या काड्या एकदम तोडू शकतो आणि चेहरा, हात, पाय सारखेच लुळे पडतात. वडिलांचा पाय वाचला, हात लुळा नव्हता, फक्त बेंगरूळ झाला. म्हणजे पंख्याचा मधला भाग, किंवा मुठीची एक कड, किंवा खाली पॉन्समध्ये तारा पुन्हा विखुरतात तिथला एखादा पुंजका. सुरुवातीला दोन जागा म्हणालो त्या इथून आल्या.

चेहऱ्याच्या तारा कॅप्सूलच्या गुडघ्यातून, म्हणजे मधल्या बाकातून जातात असं मीही पाठ केलं होतं. एमआरआय आल्यावर दिसलं की खाली उतरताना त्या बऱ्याच मागे सरकतात. पुस्तकातल्या आकृतीवर हात ठेवून शपथ घेऊ नये, एवढंच.

जागा कळून उपयोग काय? खोलवरच्या या जागांना ज्या धमन्या रक्त देतात त्या केसासारख्या बारीक, आणि त्यांना पर्यायी रस्ता नसतो. एक बुजली की १५ मिलिमीटर किंवा त्याहून लहान खड्डा पडतो. त्याला लॅक्युन म्हणतात. त्यामागे बहुधा वर्षानुवर्षांचा रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू असतो. तोच डाग पृष्ठभागावर असता, भाषा गेली असती, तर मी आधी हृदयाची अनियमित लय आणि मानेतली धमनी शोधत बसलो असतो, कारण तिथे गुठळी बहुधा दुसरीकडून वाहत येते. पॉन्समध्ये असता तर पहिले दोन-तीन दिवस जास्त धास्ती बाळगली असती. तिथला स्ट्रोक डोळ्यादेखत वाढू शकतो. तपासण्या सगळ्यांच्याच होतात, पण काय आधी आणि काय डोळ्यांत तेल घालून, ते जागा ठरवते. आणि पहिल्या एक-दोन दिवसांत देठातला छोटा डाग एमआरआयमध्ये दिसत नाही, असंही घडतं. चित्र स्वच्छ आणि रुग्णाची लक्षणं मात्र ठळक, अशा वेळी मी लक्षणांची बाजू घेतो आणि चित्र पुन्हा काढायला सांगतो.

तुम्ही शेवटी विचारलंय, पुन्हा असं झालं तर घरी काय बघायचं. जागा शोधत बसू नका, ते आमचं काम. रक्तातली साखर घसरल्यानंही जीभ जड होते आणि तोंड वाकडं होऊ शकतं, तेव्हा घरी यंत्र असेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत साखर बघा. गिळण्याची परीक्षा होईपर्यंत तोंडात पाण्याचा घोटही नको, गोळीही नको. माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ कागदावर लिहा. गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि झोपेतून उठल्यावर लक्षात आलं तर ती वेळ आदल्या रात्रीची धरली जाते. आणि जमलं तर दहा सेकंदांचा व्हिडिओ काढा: भुवया वर, दात दाखवणं, एक वाक्य, दोन्ही हात समोर. बऱ्याचदा रुग्ण दारात येईपर्यंत सगळं सुरळीत झालेलं असतं, आणि मग कोपरा कोणत्या बाजूचा ओघळला होता यावर दोन भावांत वाद चाललेला असतो.